सुतारानं केलेला फिरता खल

फार फार जुन्या काळी, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक वैद्यीणबाई राहायच्या. तापावरच्या त्यांच्या गोळ्यांत शुद्ध केलेला बचनाग असे. बचनाग म्हणजे विषच. कणभर घेतला तर औषध, जास्त झाला तर घात. म्हणून तो मिसळायची एक रीत होती. चिमूटभर बचनागात चिमूटभरच सुंठ घालायची आणि खलायची. जेवढं झालं तेवढीच सुंठ पुन्हा घालायची, पुन्हा खलायचं. असं वाढवत वाढवत खल भरायचा. मग प्रत्येक गोळीत विष सारखं उतरे.

एका वर्षी तापाची साथ आली. बाईंच्या दारात ही गर्दी. कुणीतरी म्हणालं, "वैद्यीणबाई, तुमची गोळी होईस्तोवर तापच कंटाळून जाईल हो." लोक हसले. बाईंना काही हसू आलं नाही. खलून खलून त्यांचे खांदे भरून आले होते.

ते बघून गावच्या सुतारानं ओढ्याच्या पाण्यावर चालणारा खल करून दिला. पाणी चाकावर पडे, चाक बत्ता फिरवी. बाई त्यातही आधी रीतीनंच औषध घालत. पण गर्दी हटेना. एका सकाळी त्यांच्या मनात आलं, एवढं फिरतंय तर मिसळेलच की. त्यांनी सगळी सुंठ एकदम ओतली, वर बचनाग टाकला. वरून रंग एकसारखा दिसला. बाईंनी गोळ्या वळल्या.

सुताराची एकुलती लेक तापानं फणफणली होती. तिला त्यातलीच गोळी दिली. जीभ बधिर झाली, असं ती म्हणाली. मग हातपाय गार पडले, आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

बाईंनी धावत जाऊन खल पाहिला. बत्ता पोचत नव्हता त्या कडेला कोरी सुंठ तशीच चिकटून होती. रीत मोडली म्हणूनच विष सारखं पसरलं नव्हतं, हे त्यांना कळलं. उरलेल्या गोळ्या त्यांनी पुरून टाकल्या.

तेवढ्यात सुतार दारात आला. "बाई, माझं चाक कुठं चुकलं का हो?"

बाईंनी तोंड उघडलं, आणि त्या भ्यायल्या. "बघावं लागेल," एवढंच म्हणाल्या.

सांगायचं त्या रोज ठरवत आणि रोज राहून जाई. शेवटी धीर करून त्याच्या घरी गेल्या, तेव्हा त्या चाकाचे तुकडे चुलीत जळत होते. करवत, पटाशी, सगळी हत्यारं त्यानं डोहात टाकली होती. बाईंनी घडलं ते सांगितलं.

"तेव्हाच सांगितलं असतंत, तरी पोर काही परत आली नसती," तो म्हणाला. "पण मीच तिला मारलं, असं समजून तरी जगलो नसतो."

बाईंनी त्याला नवी हत्यारं नेऊन दिली. ती पडवीत गंजली. सुतारानं पुन्हा लाकडाला हात लावला नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनोही, आपली चूक कळताच सांगून टाकावी. नाहीतर तिचं ओझं निर्दोष माणूस वाहत राहतो.