चुलतभावाचं सुतक

"माई, सुतक नेमकं कुणाचं धरायचं हो?"

कुमुदताईंनी मठाच्या पायरीवरच विचारलं. नवऱ्याला, वामनरावांना, बरं वाटावं म्हणून धरलेल्या सोमवारांचं आज उद्यापन होतं. घरी चौरंगाला केळीचे खांबही बांधून झाले होते. माईंना जेवायला बोलवायला दोघं आले होते.

"कोण गेलं?"

"केरबा. यांना किडनी दिली ना, तो. सकाळी त्याच्या बायकोचा माझ्या फोनवर फोन आला."

"दिली नाही, विकली," वामनराव म्हणाले. "ठरलं ते सगळं रोख दिलं. आता तो गेला तर सुतक आपल्याला कसं? शास्त्र मलाही कळतं, माई. इथंच तुमच्या पायाशी बसून शिकलो. सुतक भाऊबंदांचं असतं."

"खरंय. मग हॉस्पिटलात त्याला कोण म्हणून उभा केला होतात?"

वामनराव पायरीवर टेकले.

"चुलतभाऊ," कुमुदताई म्हणाल्या. "नात्यातल्याचीच चालते म्हणे... आपलं आडनाव, आजोबांचं नाव, सगळं पाठ करून घेतलं त्याच्याकडून. यांना 'दादा' म्हणायचं, तेही."

"म्हणायचा नीट?"

"नंतरही म्हणायचा. फोनवर... 'दादा, कूस लई दुखती, उभं राहवत न्हाई.'"

"मग?"

"नंबर ब्लॉक केला मी," वामनराव म्हणाले. आवाज मघाचा राहिला नव्हता. "वाटलं, आणखी पैसे मागेल."

"मागितले?"

"नाही... 'तुमी बरं हायसा न्हवं, दादा?' शेवटी एवढंच विचारायचा."

आत समईची वात तडतडली.

"कुमुद," वामनराव म्हणाले, "गुरुजींना कळव. आज पूजा नाही."

ते उठले. मठाच्या विहिरीवर अंगातल्या कपड्यांनिशी दोन बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि ओलेत्यानंच दक्षिणेकडे तोंड करून बसले.

"तांब्या द्या, माई. भावाला पाणी सोडतो."

माईंनी तांब्या दिला. त्यांनी ओंजळ भरली. ती तिरकी होणार, तोच माईंनी खालून आपला हात लावला.

"सोडू नका. प्या, वामनराव... त्याचं जेवढं जिवंत आहे, तेवढ्याला तरी वेळेवर पाणी मिळू दे."