भाऊमास्तरांचा ताळा

एका शहरात मृदुला नावाची एक संशोधक होती. विस्मरणाच्या आजारात मेंदूतली प्रथिनं कशी बिघडतात, हे ती शोधायची. मृत्यूनंतर ज्यांचा मेंदू घरच्यांनी अभ्यासासाठी दिला, त्यांचे नमुने तिच्याकडे येत. तिचे वडील भाऊमास्तर यांनाही हाच आजार होता. जन्मभर गणित शिकवलेले मास्तर आता लेकीलाही ओळखत नसत. समोर येईल त्याला एवढंच विचारत, "ताळा केलास का?"

दहा वर्षांच्या खटपटीनंतर मृदुलाच्या हाती घबाड लागलं. आजारी मेंदूंत एका प्रथिनाच्या गुठळ्या होत्या, निरोगी मेंदूंत एकही नव्हती. त्या मोडणारं औषधही तयार झालं. ते ज्यांना आधी द्यायचं, त्या यादीत भाऊमास्तरांचं नाव होतं. मृदुलाला आकाश ठेंगणं झालं.

यादीवर सही करायच्या दिवशीही मास्तरांनी तेच विचारलं. ती हसली खरी, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. नमुन्यांच्या पेट्या उघडणाऱ्या सगुणाबाईंना तिने सहज विचारलं, "बाई, सगळ्या पेट्या सारख्याच येतात ना?"

"कुठल्या सारख्या, ताई? निरोगी माणसांच्या पेट्या शेजारच्या इस्पितळातून येतात, बर्फ कसा कडक असतो. आजाऱ्यांच्या लांबून येतात, एसटीनं. त्यातलं पाणी मीच ओतते."

मृदुला तडक प्रयोगशाळेत गेली. निरोगी मेंदूचा एक ताजा नमुना तिने एसटीच्या प्रवासाला लागतो तेवढाच वेळ वितळत्या बर्फात ठेवला. त्यातही गुठळ्या झाल्या. म्हणजे त्या आजाराच्या नव्हत्याच, प्रवासाच्या होत्या.

हे कळल्यावर संस्थेचे संचालक म्हणाले, "एवढ्यात बोलू नका. औषध लागू पडलं तर?"

वडिलांचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. गप्प बसावं असं तिला फार वाटलं. मग ती म्हणाली, "आणि बाधलं तर?" तिने यादी फाडली आणि आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. लोकांनी नावं ठेवली, ती तिने ऐकून घेतली.

पुढे सगळ्या पेट्यांना सारखाच बर्फ आणि सारखाच वेळ, असा तिने नियम घातला. तीन वर्षं गेली. शेकडो प्रथिनांतलं एक, अगदी किरकोळ वाटणारं, आजारी मेंदूंत खरोखरच बिघडलेलं निघालं. दुसऱ्या प्रयोगशाळेतही ते तसंच निघालं.

घरी येताच मास्तरांनी विचारलं, "ताळा केलास का?"

"केला. जुळला."

"मग लिही उत्तर," म्हणून मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप दिली. लेक म्हणून नव्हे, हुशार विद्यार्थी म्हणून. मृदुलाला तेवढी पुरली.

तात्पर्य: मनाजोगतं उत्तर हाती आलं की आधी ते तपासावं, आपल्या माणसासाठी असेल तर दोनदा तपासावं.