कापलेला वेळ

"त्यात एक अक्षर तरी चुकीचं होतं का, बाई?"

यशोधन परुळेकर दारातूनच विचारत होता.

दमयंती केळुसकर बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. तंत्रनिकेतनात त्यांनी त्याला संगणक शिकवला होता. काळ्या स्क्रीनवर नुसत्या कमांड टाइप करून यंत्राकडून काम कसं करून घ्यायचं, हे तो त्यांच्याकडेच शिकला होता. आता त्या निवृत्त होऊन कुडाळला राहत होत्या.

"आधी आत ये."

तो आत आला. बसला मात्र नाही.

"सांगा ना. रेकॉर्डिंग पाठवलं होतं तुम्हाला."

"पाहिलं. एकही अक्षर चुकीचं नाही."

"मग?"

बाईंनी एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

अशी रेकॉर्डिंग करण्यात यशोधनचा हात धरणारा कंपनीत कुणी नव्हता. तो स्वतः टाइप करत नसे. आधी एक फाइल लिहायची. ही कमांड दे, इथे क्षणभर थांब, हे उत्तर दाखव. मग यंत्रच ती फाइल वाचून न चुकता टाइप करत जाई, आणि स्क्रीनवरचं सगळं टिपलं जाई. कंपनीचं नवं सॉफ्टवेअर लोक पहिल्यांदा बघत ते यशोधनच्या रेकॉर्डिंगमध्येच. बघणाऱ्याला वाटे, किती सोपं आहे हे.

यंदा श्रावणात नदीला पूर आला होता. पूरनियंत्रण कक्षात त्या दुपारी दीपाली तळेकर एकटी ड्यूटीवर होती. वीज पडली आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरवर गावोगावचे भोंगे वाजवणारा संगणक बंद पडला. शेजारच्या संगणकावर बॅकअप, म्हणजे सगळ्या गावांच्या नोंदींची राखीव प्रत, चढवायचा होता. हे काम तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. तिने यशोधनचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यात दिसली तशीच कमांड दिली.

रेकॉर्डिंगमध्ये कमांड दिल्याबरोबर खाली उत्तर येत होतं, काम पूर्ण झालं. तिच्या स्क्रीनवर काहीच येईना. फोन वाजत होते. पाणी चढत होतं. तिला वाटलं, अडकलं. तिने ते मध्येच तोडलं आणि भोंग्यांचं बटण दाबलं.

तोवर अर्ध्याच गावांच्या नोंदी चढल्या होत्या. वरच्या गावांचे भोंगे वाजले. खाजणवाडीचा वाजला नाही.

खाजणवाडीत दोन घरं गेली, माणसांसकट. एका घरात बाळंतीण होती.

"सोमवारी चौकशी आहे," यशोधन म्हणाला. "कंपनीने मला तज्ज्ञ म्हणून उभं केलंय."

"काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते. सूचना बरोबर होत्या. चालवणारीने धीर धरला नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

तो एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, मी बरोबर आहे म्हणून."

"मधला वेळ कुठे गेला?"

"कोणता?"

"कमांड आणि उत्तर यांच्या मधला."

"तो... लपवला. त्याची एक ओळ असते फाइलमध्ये. सगळेच घालतात, बाई. रिकामी स्क्रीन कोण बघत बसणार?"

"तू बसला होतास?"

"मी नमुन्याची चारपाच गावं घेतली होती. त्याला फार वेळ लागत नाही."

"म्हणजे नाही बसलास."

"ते माझं काम नव्हतं."

बाई उठल्या. कपाटावरचा जुना लॅपटॉप काढला, स्टुलावर ठेवला, उघडला. कंपनीचं तेच सॉफ्टवेअर त्यांनी त्यावर आणून ठेवलं होतं. सोबत एक मोठा बॅकअप.

"चढव," त्या म्हणाल्या.

"कशासाठी?"

"चढव."

त्याने खुर्चीत बसून स्टूल पुढे ओढलं. कमांड त्याला पाठ होती. ती टाइप करून त्याने एंटर दाबलं.

स्क्रीन काळी राहिली. कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता.

बाई खुर्चीत बसल्या. परसात कुणीतरी नारळ सोलत होतं.

...

यशोधनने पाय हलवला. बाईंकडे पाहिलं. त्या स्क्रीनकडे पाहत होत्या.

"यंत्र जुनं आहे तुमचं."

"हो."

...

परसातला आवाज थांबला. कर्सर लुकलुकतच होता. यशोधनने मान पुढे काढून पाहिलं. लॅपटॉपच्या कडेला हात लावून तो गरम आहे का, तेही पाहिलं.

"काहीतरी दाखवायला हवं होतं यांनी," तो पुटपुटला. "चालू आहे की बंद आहे, कळणार कसं?"



...

"हे अडकलंय, बाई."

"असं?"

"अडकलंयच. परत चालू करतो."

आणि त्याने दोन बोटांनी दोन कळा दाबल्या. काम तुटलं.

बोटं तशीच कळांवर राहिली. ती त्याने उचलली नाहीत.

"इथे फोनही वाजत नव्हता, यशोधन," बाई म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप मिटला. मग उठला आणि निघून गेला. बाईंनी त्याला थांबवलं नाही.

सोमवारी चौकशीत त्याने सांगितलं, की वेळ लपवणारी ओळ त्याने लिहिली होती. पूर्ण बॅकअप त्याने कधीच चढवून पाहिला नव्हता. आणि शेवटी पाहिला तेव्हा त्यानेही तो मध्येच तोडला. कंपनीचे वकील त्याच्याकडे पाहत राहिले. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "पण त्या दिवशी कळ कोणी दाबली?" तो म्हणाला, "दीपाली तळेकर यांनी." तेवढं लिहून घेतलं गेलं.

बाहेर दीपाली बाकावर बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तो कोण, हे तिला माहीत होतं.

"आत मी सगळं सांगितलंय," तो म्हणाला.

"माझ्यापुढे उभे राहू नका," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तो बाजूला झाला.

महिनाभरात कंपनीने त्याला काढलं. पुरानंतर झालेलं दीपालीचं निलंबन उठलं नाही. रेकॉर्डिंग मात्र कंपनीने हटवलं, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

दिवाळीच्या आधी यशोधन पुन्हा कुडाळला आला. बराच वाळला होता. बाईंनी चहा केला. तो कपाकडे बघत बसला.

"खाजणवाडीला गेलो होतो," तो म्हणाला. "त्या बाळंतिणीचा नवरा त्या दिवशी बाहेरगावी होता म्हणून वाचला. मी कोण ते सांगितलं. रेकॉर्डिंग म्हणजे काय, तेही सांगायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं..."

"मग?"

"मग विचारलं, भोंगा वाजला असता ना? मी म्हटलं, हो. तो आत गेला. दार लावून घेतलं."

चहावर साय धरली.

"खरं बोललो, बाई. नोकरी गेली. तिची तिला परत मिळाली नाही. त्या माणसाचं तर मी आणखीच वाईट केलं. कुणाला काही उपयोग झाला नाही." तो थांबला. "पण माझ्या हातात होतं ते मी केलं. आता संपलं."

बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

...

त्याने मान वर केली.

"बोला ना काहीतरी."

"संपलं," बाई म्हणाल्या, "हे तुला कुणी सांगितलं?"