दुधाला दिलेले श्रेय

एका बाजारपेठेच्या गावात मुकुंदशेठ तांबट नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. त्यांना मधुमेह होता. दिवसभर ते दुकानात गादीवर बसून असत. ऊन कसे ते अंगाला लागतच नसे. डॉक्टरबाईंनी रक्त तपासले, तेव्हा ड जीवनसत्त्वही फार कमी निघाले.

"गोळ्या रोज घ्या, गोड बंद करा, संध्याकाळी चाला," बाई म्हणाल्या. "आणि ड जीवनसत्त्व घातलेले दूध मिळते, ते पीत जा. त्याने ती कमतरता भरून निघेल. पण शेठ, साखर आणि हृदय सांभाळायला गोळ्या हव्यातच. दूध त्यांच्या जोडीला."

शेठनी सगळे मनापासून पाळले. हळूहळू साखर आटोक्यात आली, जिना चढताना लागणारा दम थांबला, चेहऱ्यावर तजेला आला. लोक विचारू लागले, "शेठ, काय केलंत?"

गोळ्या घ्याव्या लागतात हे सांगणे मुकुंदशेठना कमीपणाचे वाटे. म्हणून गोळ्या ते माडीवर जाऊन गुपचूप घेत. दूध मात्र दुकानात, चारचौघांसमोर, पितळी पेल्यातून पीत. "ही सगळी या दुधाची करामत!" असे सांगताना त्यांना मोठी मौज वाटे.

त्यांचा लहानपणापासूनचा मित्र केशव गुरव देवळात सनई वाजवत असे. मधुमेह त्यालाही होता, आणि त्याचे हृदयही थोडे अशक्त झाले होते. एके दिवशी तो दुकानात आला. गिऱ्हाइके बसलेलीच होती.

"मुकुंदा," तो म्हणाला, "त्या गोळ्यांनी मला फार मळमळतं. तुला नुसत्या दुधानं गुण आला ना? मग मीही गोळ्या सोडून देऊ का?"

मुकुंदशेठच्या ओठांवर खरे आले होते. पण सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले होते.

"मला तर बाबा दुधानंच गुण आला," ते म्हणाले.

केशव समाधानाने निघून गेला. त्याला एकटे गाठून खरे सांगायचे, असे शेठनी ठरवले. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. त्यानंतर लग्नसराई आली. पुढे केशव भेटला, तेव्हा गोळ्या सोडून मळमळ थांबल्याने तो इतका खुशीत होता, की विषय काढायला शेठची जीभ रेटेना. आता त्याला बरे वाटतेय, मग कशाला बोला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

थंडीच्या एका सकाळी सनई वाजवता वाजवता केशवच्या छातीत कळ आली. लोकांनी त्याला उचलून गाडीत घातले, पण दवाखाना गाठण्याआधीच त्याचा जीव गेला.

मुकुंदशेठ भेटायला गेले, तेव्हा केशवची बायको सुभद्रा भिंतीला टेकून बसली होती.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तेच दूध आणत होते हो मी. एक दिवस चुकवला नाही. माझ्याकडून काय राहिलं?"

शेठना तिच्याकडे बघवेना. "वहिनी, तुमच्याकडून काहीच राहिलं नाही," ते कसेबसे म्हणाले. "मी गोळ्या घेत होतो. पहिल्यापासून. अजूनही घेतो."

सुभद्रा हळू आवाजात म्हणाली, "हे त्यांना सांगायला काय पडलं असतं तुमचं?"

पुढे मुकुंदशेठ दुकानात आलेल्या प्रत्येकाला गोळ्यांचे, चालण्याचे, पथ्याचे, सगळे खरे सांगू लागले. पुष्कळांना त्याचा उपयोग झाला. लोक त्यांना दुवा देत. पण सकाळी देवळात नव्या गुरवाची सनई सुरू झाली, की शेठ गादीवरून उठून आत जात आणि ती थांबेपर्यंत बाहेर येत नसत.

तात्पर्य: आपण कशाने बरे झालो हे सांगताना मोठेपणासाठी अर्धे लपवू नये, त्या लपवलेल्या अर्ध्यातच एखाद्याचा जीव असतो, आणि मागाहून सांगितलेले खरे त्याच्या कामी येत नाही.