ठकूबाईची वाट

नदीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर बैलाची शेपटी धरून जायचं, तेव्हाची, म्हणजे फार फार वर्षांपूर्वीची ही हकिकत आहे. उत्तरेला सप्तशृंगीचा डोंगर निळा दिसतो, त्या करंजखोऱ्यात ठकूबाई नावाची एक बाई राहत होती.

तिथली द्राक्षं खाण्याची नव्हती. काळी, बारीक, जाड सालीची ती द्राक्षं पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवून पिकवायची, फाल्गुनात तोडायची, तुडवायची आणि रस रांजणात मुरवून त्याचं आसव करायचं. ठकूबाईचा नवरा म्हाळू दर चैत्रात गावाचं मुरलेलं आसव बैलांवर लादून बऱ्हाणपूरला न्यायचा. घाटाच्या वाटेला लागताना एकदाच मागे वळून बघायचा. लग्नाला चार वर्षं झाली होती, तेव्हाही त्याने वळून बघितलं आणि ओरडून सांगितलं, "गोडी छाटणीच्या आत येतो. माझ्याशिवाय वेलीला हात लावू नको."

आश्विन आला. फळासाठी जी छाटणी करतात तिला गोडी छाटणी म्हणतात, तिचे दिवस आले आणि चालले. म्हाळू आला नाही. तापीला पूर आला होता, बैलांचा तांडा फुटला, एवढीच बातमी आली. मेला म्हणणारं कुणी भेटलं नाही, जिवंत आहे म्हणणारंही नाही. शेवटच्या दिवशी ठकूबाईने डोळे पुसले आणि विळा हातात घेतला.

तेव्हापासून ती बागेच्या उत्तर टोकाला उभी राहून घाटाच्या रस्त्याकडे बघायची. उजाडता बघायची, दुपारी बघायची, दिवस मावळताना बघायची. रस्त्याकडे बघायचं तर वरचं आभाळही दिसणारच. धुळीचा लोट उठला की तो बैलांचा की वाऱ्याचा हे ओळखता ओळखता तिला वारा कळायला लागला. घाटावर धुकं बसलं की रस्ता दिसायचा नाही, म्हणून धुकं किती वेळ टिकणार हे ती मनाशी मोजायची. असं म्हणतात, की वाट बघता बघताच ती बाई आभाळ वाचायला शिकली. तिला स्वतःला ते पुष्कळ उशिरा समजलं.

मग लोक तिला विचारायला लागले. ज्या साली मार्गशीर्षात थंडी पडलीच नाही, त्या साली ती म्हणाली, "मण्यांत साखर लवकर भरेल, पण आंबटपणा पळून जाईल. लवकर तोडा." तोडली, तरी आसव गोड गोड झालं, जिभेवर ठरेना. ज्या साली थंडी लांबली, त्या साली तिने सगळ्यांना थांबवलं. महिनाभर उशिरा घड उतरले आणि आसव असं झालं, की आसव नेणाऱ्या वैद्यबुवांनी एक घोट घेऊन वाटी पुन्हा पुढे केली.

"यात काय आहे, ठकूबाई?" त्यांनी विचारलं.

"यंदाची थंडी आहे," ती म्हणाली. "सावकाश आलेलं सगळं आहे."

पुढे दोन सालं वाईट गेली. एकदा कळ्यांवर पाऊस पडला, एकदा भुरीने घड पांढरे केले. रांजण रिकामे राहिले, लोक बाजरीची पेज पिऊन राहिले. तिसऱ्या साली मात्र वेल घडांनी वाकले. माघ संपता संपता मणी काळे झाले, आणि लोकांना धीर निघेना.

राघोजी पाटील तिच्याकडे आले. "आहेत तशी तोडू. आता काही झालं तर गाव उठून जाईल."

ठकूबाईने एक मणी फोडून बी त्यांच्या तळहातावर ठेवली. "अजून हिरवट आहे, पाटील. बी तपकिरी होऊ द्या. आठ दिवस."

"आणि आभाळ आलं तर?"

"मी बघते आहे ना."

पाटील थांबले, गाव थांबलं. सात दिवस गेले. आठव्या दिवशी उजाडता ती बागेत गेली, तर पानांवर दव नव्हतं. वारा पडला होता. घाटाच्या माथ्यावर तांबूस कडेचा एक ढग उभा होता. दुपार कलायच्या आत गारा येणार, हे तिला दिसलं.

आणि त्याच वेळी घाटातून घुंगरं ऐकू आली.

तिची जाऊ मथुरा धावत आली. "ठके, तांडा उतरतोय. पुढचा माणूस म्हाळू भाऊजींसारखा चालतो गं. जरासा डावीकडे झुकून."

नऊ वर्षं झाली होती. घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायलाच दुपार झाली असती. ठकूबाईने त्या पुढच्या माणसाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला तो नीट दिसलाही नाही. कुठली ओळ आधी तोडायची, कुठली राहिली तरी चालेल, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"मथुरा," ती म्हणाली, "सगळ्यांना बोलव. खालची बाग आधी."

आणि तिने रस्त्याकडे पाठ केली.

असं म्हणतात, की त्या दिवशी तिचा आवाज खोऱ्यात एकाच वेळी चारी कोपऱ्यांत ऐकू येत होता. म्हातारी माणसं उठून आली, बाळंतिणी आल्या. तिने एकदाही मान वळवली नाही. शेवटची पाटी छपराखाली गेली आणि पहिली गार पडली. लिंबाएवढ्या गारा पडल्या. पांगाऱ्याला फूल राहिलं नाही, पण वेलीवर घडही नव्हता.

गारा थांबल्यावर ती अनवाणी धावत नदीपर्यंत गेली. ओल्या काठावर बैलांच्या खुरांच्या ताज्या खुणा होत्या, एका माणसाची पावलं होती. पावलं पाण्यात उतरली होती. पलीकडच्या काठावर निघालेली दिसत नव्हती. तांडा पाण्यातूनच पुढच्या उथळ उताराने पलीकडे गेला असेल, तो म्हाळू नसेलही. कुणाला कधी कळलं नाही.

त्या सालच्या आसवाचं असं सांगतात, की घोट घेतला की दूर गेलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा, अगदी कपाळावरच्या वणासकट. ठकूबाईने ते चाखलं नाही. पुष्कळ वर्षांनी, पौषातल्या एका सकाळी ती धुक्यात घाटाच्या रस्त्याला लागली. धुकं विरलं तेव्हा रस्ता मोकळा होता.

करंजखोऱ्यात अजून द्राक्षं होतात. आता तारेचे मांडव आहेत, हवेचा अंदाज मोबाइलवर येतो. पण तोडणीच्या पहिल्या दिवशी गावातली एक बाई घडाला हात लावत नाही. बागेच्या उत्तर टोकाला तिच्यासाठी पाट मांडतात, तिला पाणी देतात, तिच्याशी कुणी बोलत नाही. बाकीचं गाव पाठ करून कामाला लागतं. ती मात्र दिवसभर घाटाच्या रस्त्याकडे बघत बसते, ठकूबाईच्या वतीने.