पडद्याची बायकांची बाजू

"म्हणजे राजकन्या डावखुरी नव्हतीच?" चपला काढायच्या आधीच सुलक्षणा गाडेने विचारलं.

दगडूबुवा मठाच्या ओट्यावर माळेसाठी तुळशीच्या काड्या निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आधी पाणी प्या."

तिने पाणी घेतलं नाही.

ती पुण्याहून आली होती. सिनेमांवर लिहायची, आणि लेखणी इतकी तिखट, की भल्याभल्या दिग्दर्शकांना घाम फुटायचा. बुवा एकेकाळी तंबू टॉकीजचे ऑपरेटर होते. तीस वर्षं जत्रांतून यंत्र चालवलं, तंबू बंद पडल्यावर या मठात झाडलोट करू लागले. लोक त्यांच्याकडे शंका घेऊन यायचे. बुवा उत्तर क्वचितच द्यायचे, तरी लोक यायचेच.

"लहानपणी तुमच्या तंबूत पाहिलेला सिनेमा परवा पुन्हा पाहिला," ती म्हणाली. "वही घेऊनच बसले. डोंगर कापडावर रंगवलेला, वाऱ्याने हलतो. मेलेला शिपाई डोळे मिचकावतो. तिन्ही राजांकडे एकच घोडा."

"तांबडा ना? गुणी जनावर होतं."

"मी हसले, चुका टिपत गेले. आणि शेवटच्या लढाईत राजकन्येने तलवार उपसली... उजव्या हाताने."

बुवांची बोटं थांबली.

"मला डावा आठवत होता, बुवा. पक्का आठवत होता."

डाव्या हाताने लिहिते म्हणून तिने शाळेत पट्ट्या खाल्ल्या होत्या. आत्याने तो हात फडक्याने पाठीशी बांधून तिला जेवायला बसवलं होतं. तेव्हा ती पोर रडत रडत एकच सांगायची, राजकन्यासुद्धा डावखुरी आहे! हात काही बदलला नाही. आज जिचा एवढा दरारा होता, ती लेखणी त्याच हातात होती.

"बसायचात कुठं?" बुवांनी विचारलं.

"आईजवळ. बायकांत."

"मग बरोबर आहे. पडदा मधोमध असायचा. यंत्राच्या बाजूला पुरुष, पलीकडं बाया. पातळ कापड, चित्र आरपार दिसायचं. पण पलीकडून उजव्याचं डावं."

"आणि नावांच्या पाट्या?"

"त्याबी उलट्या. वाचायच्या होत्या कुणाला?"

सुलक्षणा ओट्यावर मटकन बसली. तिला हसूही येईना आणि रडूही.

"जिच्या जोरावर मार सोसला, ती नुसती कापडाची करामत होती तर. लोकांचे सिनेमे मी फाडून खाते, आणि माझाच पाया असा..."

बुवा पुन्हा काड्या निवडू लागले. कडुनिंबावरून एक खार उतरली, काड्यांपर्यंत आली आणि परत गेली.

"खरी राजकन्या कुठली, तेवढं सांगा," ती म्हणाली. "उजव्या हाताचीच खरी असेल, तर तसं लिहून टाकते. लहानपणी मी फसले, असं छापून मोकळी होते."

बुवा गुडघ्यावर हात ठेवून उठले. कोपऱ्यातली काठी घेतली, उपरण्याने पुसली आणि तिच्यासमोर धरली.

"मी कायम यंत्रापाशी. बायांच्या बाजूला पाऊल टाकायची सोय नव्हती... कशी लढायची ती, दाखवा बरं."

"आता? इथं?"

"इथंच."

ती लाजली. इकडेतिकडे पाहिलं. मग काठी घेतली. कोणत्या हाताने घेतली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. एक पाय पुढे आला, मान ताठ झाली आणि काठी सपकन फिरली. निवडलेल्या काड्या ओटाभर उधळल्या.

बुवा दोन पावलं मागे सरले. तिच्याकडे टक लावून बघत राहिले...

"तीस वर्षं सिनेमा दाखवला, ताई," ते म्हणाले. "पाहिला आज."