मुंडाशांवरचा माळ

ऐकणाऱ्यांनी जरा सैल बसावं, कारण ही गोष्ट घाईची नाही. फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते मला विचारू नका, मोजायला मी तिथं नव्हतो, कुसळवाडी नावाचं मेंढपाळांचं एक गाव होतं. गाव अजून आहे. त्याच्या चारी बाजूंना नुसता माळ. डोंगर नाही, नदी नाही, सावलीला एखादी बोर नाहीतर हिवर. आलेला पाहुणा पाणी पिऊन झालं की विचारायचा, इथं बघण्यासारखं काय आहे हो? आणि त्याच गावात म्हाळू नावाचा मोठा चितारी होऊन गेला, असं म्हणतात.

म्हाळूचे आईबाप तापाच्या साथीत गेले. त्याला वाढवलं धुरपाआत्यानं. तो मेंढरांमागे जायचा आणि काठीनं धुळीत रेघा ओढत बसायचा. मेंढरं एकीकडे, हा दुसरीकडे. शेवटी आत्या वैतागली. तीन दिवसांची वाट तुडवून तिनं त्याला एका मोठ्या गावी नेलं आणि देवळांच्या भिंती रंगवणाऱ्या चिताऱ्याच्या हवाली केलं.

तिथं तो बारा वर्षं राहिला. गेरू वाटायला शिकला, पेवडीचा पिवळा आणि नीळ खलायला शिकला, रंगात बाभळीचा डिंक किती घालायचा ते शिकला. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला त्याच्या हातात बसला. गुरूंचा नियम एकच होता. भिंतीवर बोटभर जागासुद्धा मोकळी सोडायची नाही. मोकळी जागा म्हणजे चिताऱ्याचा आळस, असं ते म्हणायचे. म्हणून म्हाळू भिंती भरत गेला. वेली काढल्या, हत्ती काढले, डोंगर, डोंगरातून नदी, नदीत कमळं. हात असा तयार झाला की गुरूंनाही आपला कुठला आणि शिष्याचा कुठला ते कळेना.

मग तो गावी परतला. गावानं कौतुकानं बिरोबाच्या देवळाची भिंत त्याच्यापुढे केली. तीन महिने तो तिथून हलला नाही. भिंत पुरी झाली तेव्हा अख्खं गाव आ वासून उभं राहिलं. धुरपाआत्या सगळ्यांच्या मागून आली. डोळ्यांवर हात धरून तिनं ते डोंगर पाहिले, नदी पाहिली, कमळं पाहिली.

"लई झ्याक काढलंस रं," ती म्हणाली. "पन ह्यो मुलूख कंचा? हितं आपली मेंढरं कुटं चरायची?"

लोक खो खो हसले. म्हाळूही हसला. पण त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. बारा वर्षं शिकून आपण सगळं काढलं, फक्त जिथं जन्मलो ते काढलं नाही, हे त्याला लागलं. आठवड्याभरात त्यानं स्वतःच्या हातानं त्या भिंतीला चुना फासला. गाव चिडलं. पोराचं डोकं फिरलं म्हणाले. म्हाळू कुंचले घेऊन माळावर गेला आणि सात वर्षं तिथंच बसला, असं म्हणतात.

पहिली दोन वर्षं त्याचा हात ऐकेना. जागा मोकळी दिसली की हात आपोआप वेल काढायला धावायचा. तो पुसायचा, पुन्हा काढायचा. गवताचा रंग त्याच्याकडे एकच, पेवडीचा. माळाकडे मात्र किती पिवळे! मग त्यानं माती भाजली, दगड कुटले, बोरीची साल उकळली. असे त्यानं सोळा पिवळे केले आणि सोळांना नावं दिली. एक सशाच्या पाठीचा, एक वाळल्या कुसळाचा, एक मेंढरं चरून गेल्यानंतरचा. सगळी सोळा नावं आता कुणाला येत नाहीत.

पण एक कोडं सुटेना. देवळाची भिंत उंच, आणि माळ काही उंच नाही. काहीही काढलं तरी वर आभाळ जास्त व्हायचं आणि दोन्ही बाजूंना माळ तुटायचा.

"मावत न्हाई गं आत्या," तो म्हणायचा.

"मावंल कसा? मान वळवून वळवून बघाया लागतो त्यो," आत्या म्हणायची आणि भाकरी पुढं करायची.

आता गावावर आलेलं संकट ऐका. दर हिवाळ्यात संस्थानचे सरकार कुसळवाडीच्या माळावर शिकारीला यायचे. काळवीट मारायचे, माळढोक मारायचे, गावातले बोकडही संपवायचे, आणि गावकऱ्यांना जनावरं उठवण्यासाठी दिवसचे दिवस हाकारे घालत पळवायचे. म्हणून गावानं गुपचूप ठरवून टाकलं होतं. बूट घातलेल्या कुणीही माळावर काय आहे असं विचारलं, की म्हणायचं, काही नाही. आजोबांनी नातवाला हेच शिकवलं. म्हणता म्हणता ते जिभेलाच बसलं, आणि सरकारांनाही माळावर दर वर्षी शिकार कमी कमी मिळत गेली.

एका वर्षी बूट घालून आला तो मोजणीदार. साखळी टाकून जमीन मोजणारा. त्याला शिकारीशी देणंघेणं नव्हतं. त्यानं आपल्या कागदासाठी विचारलं, "माळावर काय आहे?" पाटील म्हणाला, "काय न्हाई, सायेब." त्यानं दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सात जणांनी एकच उत्तर दिलं. वर आपण कसं फसवलं म्हणून खूशही झाले. मोजणीदारानं लिहिलं, माळ पडीक, काही नाही, आणि तो निघून गेला.

दसऱ्याला हुकूम आला. ज्या अर्थी माळावर काही नाही, त्या अर्थी तो सगळा नांगरून टाकावा. येत्या गुढीपाडव्याला बाहेरचा मक्तेदार बैल घेऊन येईल, तोवर मेंढरं हलवावीत. कुठं हलवावीत ते हुकुमात नव्हतं. पाटील संस्थानात धावला. तिथं त्याला त्याचेच शब्द ऐकवले. तुम्हीच सांगितलंत ना, सात जणांनी?

चावडीवर सगळे जमले. "जनावर दावलं तर बंदूक येती, न्हाई दावलं तर नांगर येतो," पाटील म्हणाला. "त्वांड कुटं लपवावं?" आणि शरमेनं त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून जमिनीवर आपटलं. ते घरंगळत सुटलं, उलगडत गेलं, आणि चावडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरं कापड पसरलं. हातभर रुंद आणि लांबच लांब.

म्हाळू जागचा उठला. "पाटील, ह्ये मला द्या."

मुंडासं देणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. माणूस जीव देईल, पण डोक्यावरचं देणार नाही. मग पाटलानं कापड उचललं, धूळ झटकली आणि म्हाळूच्या हातात ठेवलं. त्याच्यामागून एकेकानं सोडलं. बायकांनी सगळी मुंडाशी टोकाला टोक जोडून शिवली. एक टोक देवळाशी, दुसरं गावाबाहेरच्या हिवराशी. चाळीस दिवस म्हाळू त्या कापडाच्या बाजूनं चालत चालत रंगवत होता. तिसऱ्या आठवड्यापासून मेंढरं कापडाची कड चघळायला लागली, म्हणून राखण ठेवावी लागली, असं म्हणतात.

मग सगळं गाव ते कापड घेऊन संस्थानात गेलं. दरबारात कापड ताणलं, तर ते चारी भिंतींवरून फिरून पुन्हा दारापाशी आलं. सरकारांनी उभ्यानं नजर फिरवली. खाली गवत, वर आभाळ.

मोजणीदार हसला. "बघा सरकार, मी लिहिलं तेच. काही नाही."

"बसा, सरकार," म्हाळू म्हणाला. "उभ्यानं दिसत न्हाई."

सरकारांना बसा म्हणणारा आजवर कुणी भेटला नव्हता. म्हाळूनं आपली घोंगडी खाली पसरली, आणि का कोण जाणे, सरकार बसले. बराच वेळ गेला. मग गवताच्या बुडाशी त्यांना एक चंडोल दिसला. मग सशाचे कान. उन्हं चढली तसं आणखी दिसत गेलं. जे वाळलं गवत म्हणून सोडून दिलं होतं, ती माळढोकाची मान होती. जो दगड वाटला होता, ती पिल्लांना पाजणारी लांडगीण होती. जेवणाची वेळ टळून गेली. कुठून तरी वारा आला आणि भिंतीवरचं गवत एका बाजूला झुकलं, असं म्हणतात. दरबाऱ्यांनी घरी जाऊन धोतरातली कुसळं वेचली, असंही म्हणतात.

दिवस कलला तेव्हा सरकारांना अगदी लांब, आभाळाच्या कडेला, काठी टेकत उभी असलेली एक बाई दिसली.

"ती कोण?"

"माजी आत्या."

"मी तर दर वर्षी येतो. मला हे कधीच कसं दिसलं नाही?"

"तुमी आलात की ह्ये समदं दडतं, सरकार," म्हाळू म्हणाला. "त्येंच्यासंगं आमीबी दडतो."

कुणी म्हणतं सरकारांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला विचाराल तर त्यांना लाज वाटली असावी, आणि ती पाण्यापेक्षा जास्त टिकते. त्यांनी कागद मागवून मोजणीदाराची ओळ खोडली. नांगराचा हुकूम मागं घेतला, आणि कुसळवाडीच्या माळावर पुन्हा बंदूक आणणार नाही असा शब्द दिला.

मग ते म्हणाले, हे चित्र इथंच राहू दे.

म्हाळूनं दाराकडे बघितलं. गावची माणसं उघड्या डोक्यानं उभी होती. "त्येंची डोस्की उघडी हायत, सरकार," तो म्हणाला. तिथंच शिवण उसवली. ज्याचं त्यानं ओळखलं, डोक्याला गुंडाळलं, आणि सगळा माळ चालत घरी आला. उन्हानं, घामानं, धुण्यानं रंग उतरत गेला, आणि काही वर्षांत एक रेघही उरली नाही. म्हाळूला वाईट वाटलं का? वाटलंच असणार. त्याच्या जन्माचं काम लोकांच्या डोक्यावरून विटून गेलं. पण कुणी मुंडासं धुताना दिसलं की तो उठून मदत करायचा, असं म्हणतात.

त्याच्या नावाचा दगड नाही की देऊळ नाही. दर वर्षी गवत पिवळं पडलं की गाव एक दिवस माळावर जातं. त्याला म्हाळूची बैठक म्हणतात. टोप्या, मुंडाशी काढून सगळे घोंगड्यांवर बसतात आणि प्रत्येकाला काहीतरी दिसेपर्यंत कुणी बोलत नाही. ज्यांची नजर गेली आहे, त्यांच्या कानात सुना हळूच सांगतात. नवी सून असेल तर तिला सगळ्यांत पुढं बसवतात.

गेल्या चैत्रात एक तरुण अधिकारी फोनमध्ये नकाशा घेऊन गावात आला होता. माळाच्या जागेवर काहीतरी उभारायचं चाललं आहे म्हणाला. तो तरातरा चालत माळावर गेला आणि इथं काय आहे, असं उभ्यानंच विचारायला लागला. सरपंचबाईंनी घोंगडी पसरली. "आदी बसा, सायेब," त्या म्हणाल्या. तो अवघडून बसला. तासाभरानं त्यानं फोन खिशात घातला. उठला तेव्हा दिवस कलला होता. काय लिहिणार ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आल्या वाटेनं तो परत निघाला आणि मध्येच थांबला. वाटेवर खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी होती. येताना तो त्यांच्या बोटभर शेजारून गेला होता. आता त्याला ती दिसली, आणि तो लांबून वळसा घालून गेला.